महाग झालेले हात

नोकरी लागली की माणसाच्या हाती काय येते, हे सांगणारे खूप भेटतात. दरमहा पगार येतो, मोहल्ल्यात इज्जत वाढते, नातेवाइकांच्या बोलण्यात नरमाई येते. नोकरी लागली की हातातून काय निसटते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मी आज त्याविषयी लिहिणार आहे. विषय तसा घरगुती आहे. घरातले शिवणकाम, क्रोशाचे विणकाम आणि नवी नोकरी यांची सांगड कशी घालायची, एवढाच. बायकांनी दुपारच्या वेळी उंबऱ्यात बसून बोलावा असा. पण या विषयाच्या तळाशी नीतीचा एक प्रश्न आहे आणि तो मला माझ्या अम्मीने विचारला. तिचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंत. मी बी.एस्सी., बी.एड. तरीही तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला कित्येक महिने लागले.

आम्ही सोलापूरचे. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते. पण या शहरात आणखी एक मोठा धंदा आहे, शाळेच्या गणवेशांचा. इथे शिवलेले गणवेश महाराष्ट्राबाहेरही जातात. त्या गणवेशांपैकी कितीतरी शर्टांच्या कॉलरी आणि कितीतरी हाफपँटींच्या शिलाया मोहल्ल्यांतल्या बायकांच्या हातून गेलेल्या असतात. अम्मी त्यांपैकीच एक. अब्बा पॉवरलूमवर टॉवेल विणायचे. लूम बंद पडले की घर अम्मीच्या पायमशीनवर चालायचे. नगाप्रमाणे पैसे. एक डझन झाले की गठ्ठा बांधायचा, सायकलच्या कॅरिअरवर ठेवून कारखानदाराकडे पोचवायचा आणि नवे कापलेले कापड घेऊन यायचे. माझ्या बी.एड.ची फी त्या गठ्ठ्यांतून उभी राहिली. दुसऱ्यांच्या मुलांचे निळे-पांढरे कपडे शिवून अम्मीने स्वतःच्या मुलीला शाळेत उभे केले.

बी.एड. झाल्यावर लगेच नोकरी लागेल असे आम्हाला वाटले होते. तसे झाले नाही. शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडली. लग्न झाले, मुलगी झाली, अब्बांचा इंतकाल झाला आणि अम्मी आमच्याकडे राहायला आली. येताना तिने आपले मशीन आणले. त्या रिकाम्या वर्षांत मी शिकवण्या घेतल्या आणि शिवणकाम केले. सलवार-कमीज, ब्लाऊज, अस्तराचे झगे, शरारा, गरारा. साडीला फॉल लावणे, दुपट्ट्याला गोटा लावणे. संध्याकाळी क्रोशाच्या सुईने नमाजच्या टोप्या आणि टेबलावरचे रुमाल. काही विकले जायचे, काही वाटले जायचे. मोहल्ल्यातल्या लग्नांची तारीख ठरली की लोक आधी हॉल बघायचे आणि मग माझ्याकडे यायचे, असे आमचे हे थट्टेने म्हणत. आज मागे वळून पाहताना वाटते की ती वर्षे मी समजत होते तेवढी रिकामी नव्हती.

जून २०२४ मध्ये मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. विषय गणित, वर्ग आठवी आणि नववी. माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये मानधन आहे. पहिल्या महिन्याचे पैसे मी अम्मीच्या हातात दिले. तिने ते मोजले नाहीत. डोक्याला लावून परत दिले.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या गल्लीत एक खाला राहतात. नवरा नाही, मुलगा नाही, एकच मुलगी. त्या मुलीचा निकाह नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरला. खाला कापड घेऊन आल्या, शेंदरी रंगाचे, सोबत गोट्याचे दोन बंडल. मुलीचा शरारा माझ्याच हातचा हवा, असा त्यांचा आग्रह. मी हो म्हटले. शाळा, मूल, घर आणि दर आठवड्याचे वह्यांचे गठ्ठे हे सगळे मला दिसत होते. तरीही हो म्हटले. नाही म्हटले असते तर 'नोकरी लागली, आता आपा बदलली' असे लोक म्हणाले असते, याची भीती होती. आणि खरे सांगायचे तर 'तुझ्याच हातचा हवा' हे ऐकायला मला आवडले होते.

दिवाळीच्या सुट्टीत होईल असा माझा हिशेब होता. सुट्टीत पहिल्या सत्राच्या पेपरांचा गठ्ठा घरी आला. मुलीला चार दिवस ताप होता. विधानसभा निवडणुकीच्या कामाचे प्रशिक्षण होते. ही कारणे खरी आहेत. पण याच सुट्टीत दोन संध्याकाळी मी शरारा बाजूला ठेवून क्रोशा घेऊन बसले, हेही तितकेच खरे आहे. शरारा आता काम वाटू लागला होता आणि क्रोशा मन रमवत होता. शाळा सुरू झाल्यावर मी दुपट्ट्याची किनार पिशवीत घालून शाळेत नेली. मोकळ्या तासाला, जेव्हा वह्या तपासायच्या असतात तेव्हा, मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून गोट्याला हातशिलाई करत होते. नववीची एक मुलगी वह्या मागायला आली. वह्या तपासून झाल्या नव्हत्या. तिने माझ्या मांडीवरचा दुपट्टा पाहिला, काही न बोलता सलाम केला आणि निघून गेली.

मतदान २० नोव्हेंबरला झाले. आदल्या दिवशी आम्ही केंद्रावर गेलो आणि मतदानाच्या रात्री उशिरा परत आलो. निकाह रविवारी, २४ तारखेला. शुक्रवारी रात्री मी मशीनवर बसले आणि बसल्याबसल्या झोपले. जाग आली ती मशीनच्या आवाजाने. नवऱ्याने मला कधी उठवून आत निजवले ते कळले नव्हते. बाहेर अम्मी शिवत होती. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली. दिवा जवळ ओढून, कापड डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून ती टीप मारत होती. मी म्हटले, "अम्मी, तू का बसलीस? सकाळी मी केले असते." तिने मान वर केली नाही. म्हणाली, "अब तेरे हातां महंगे हो गए क्या गे?"

त्यात राग नव्हता. ती खरोखरच विचारत होती.

शरारा वेळेवर पोचला. एका बाजूची शिवण वाकडी गेली होती, घेराखालची दुमड एकसारखी नव्हती. नवरीने तोच घातला. फोटोत काही दिसत नाही. मला दिसते.

यानंतर मी माझ्या सवयीप्रमाणे हिशेब मांडला. महिन्याचे २४ दिवस, दिवसाचे ६ तास, म्हणजे १४४ तास. १८,००० भागिले १४४ बरोबर १२५. माझा एक तास १२५ रुपयांचा. शराऱ्याला दहा तास लागतात आणि मी खालांकडून ४०० रुपये घेणार होते, म्हणजे तासाला ४०. हिशेबाने पाहिले तर अम्मीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. माझे हात तिपटीहून महाग झाले होते. मग या महाग हातांनी स्वस्त काम का करायचे? पगाराच्या पैशातून तयार शरारा विकत आणून खालांना भेट दिला असता तर हिशेबही जुळला असता आणि वेळही वाचला असता. आमच्या स्टाफरूममधल्या एका बाईंनी मला हेच सुचवले होते. त्यांचे म्हणणे चुकीचे म्हणता येत नाही. तरीही ते मनाला पटत नव्हते, आणि का पटत नाही हे शोधणे मला गरजेचे वाटले.

पिगू नावाचे एक इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होते. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी एक गमतीची गोष्ट नोंदवली. एखाद्या माणसाने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केले तर देशाचे उत्पन्न कमी होते. काम तेच राहते, करणारी बाई तीच राहते, फक्त पगार थांबतो आणि काम हिशेबातून गायब होते. आपल्या देशात सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्यांमध्ये बाईची रोजची सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुषाची ८८ मिनिटे निघाली. हे २८९ मिनिटांचे काम कोणाच्या पगारपत्रकात नाही. तेव्हा पैशाचा हिशेब खोटा नसतो, पण अपुरा असतो. तासाला किती मिळाले हे तो सांगतो. त्या तासावर कोणाचा हक होता हे तो सांगत नाही. अम्मीच्या तासाचा भाव तर माझ्या शिलाईच्या तासाहूनही कमी होता. पण त्या स्वस्त तासांनीच माझे तास महाग केले. माझ्या १२५ रुपयांत तिचे किती रुपये आहेत, हे कोणत्या सूत्राने काढायचे?

हाताच्या मोलाचा विचार करताना मला उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश यांची आठवण येते. हदीसमध्ये येणारा प्रसंग असा. पैगंबर साहेबांनी एकदा आपल्या पत्नींना सांगितले की माझ्यानंतर तुमच्यापैकी सर्वांत आधी मला येऊन भेटेल ती सर्वांत लांब हाताची. त्या बीबींनी हे शब्दशः घेतले आणि आपापले हात मोजून पाहिले. पुढे हिजरी २० मध्ये हजरत जैनब यांचा इंतकाल सर्वांत आधी झाला तेव्हा अर्थ उलगडला. त्या हातकाम जाणत होत्या. कातडे कमवायच्या, शिवायच्या आणि त्यातून येणारे गरिबांना देऊन टाकायच्या. हात लांब होता तो देण्याच्या दृष्टीने. मी हा प्रसंग लहानपणापासून ऐकत आले आहे, मुलींनाही सांगितला आहे. पण आपला हात महाग झाला की लांब झाला, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. अम्मीने तो आपल्या भाषेत विचारला.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे बाईने नोकरी सोडून घरी शिवत बसावे असे तुमचे म्हणणे आहे का? मुळीच नाही. हा निष्कर्ष काढायला टपलेले लोक आपल्यात कमी नाहीत. त्या निकाहनंतर एका नातेवाइकांनी मला सुनावलेही, की दोन दगडांवर पाय ठेवला की असेच होणार, बाईने घर सांभाळावे. तेच गृहस्थ सकाळी दुकान, संध्याकाळी कमिटी आणि रात्री जमिनीचे व्यवहार असे तीन दगड सांभाळतात. त्यांना कोणी समतोलाविषयी विचारत नाही. समतोल हा शब्दच आपण बायकांसाठी राखून ठेवला आहे. पैगंबर साहेब स्वतःचे कपडे स्वतः शिवायचे, जोडे दुरुस्त करायचे, घरकामात हात लावायचे, हे हजरत आयेशा यांच्या रिवायतीतून सगळ्यांना ठाऊक आहे. मिलादच्या तकरिरीत आपण ते डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. घरी आल्यावर बटण तुटले की बहिणीला हाक मारतो. सुई-दोरा ही सुन्नत असेल तर ती फक्त बायकांसाठी कशी?

आणि शाळा? माझ्या वर्गातल्या पन्नास मुलींपैकी कित्येकींच्या घरात त्या नववीपर्यंत पोचलेल्या पहिल्या आहेत. गणिताला घाबरून दहावीत शाळा सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यांच्या वह्या वेळेवर तपासणे हे माझ्या १२५ रुपयांचे काम आहेच, पण त्याहून मोठे काम आहे. स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून गोटा लावताना मी त्यांच्या वेळेतून चोरी करत होते. कुरआनात मापात मारणाऱ्यांविषयी एक पूर्ण सूरह आहे, मुतफ्फिफीन. घेताना पुरते माप घेणारे आणि देताना कमी देणारे. मी ती सूरह नेहमी वाण्याविषयी, कापडवाल्याविषयी आहे असे समजत आले. गळ्यात मापाची टेप अडकवून फिरणाऱ्या मला ती स्वतःविषयी असू शकते असे कधी वाटले नव्हते. पगार मी पुरता घेत होते आणि तास कमी देत होते. दुसरीकडे खालांचा विश्वास पुरता घेतला होता आणि टाके कमी दिले होते. दोन्हीकडे माप मारले गेले.

म्हणून 'समतोल' या कल्पनेविषयीच मला शंका येऊ लागली. समतोल म्हटले की डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यात नोकरी, दुसऱ्यात घर आणि शिवण. इकडचे थोडे काढून तिकडे टाकायचे. पण माझ्या अनुभवात तराजू सरळ करण्याच्या नादात मी दोन्ही पारड्यांतून थोडेथोडे काढतच गेले. आपल्या परंपरेत यासाठी दुसरा शब्द आहे, हक. हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा यांची हकीकत अनेकांना माहीत असेल. अबू दर्दा दिवसा रोजे धरायचे आणि रात्रभर इबादत करायचे. घरच्यांकडे लक्ष नव्हते. सलमान त्यांच्याकडे पाहुणे म्हणून आले. त्यांनी मित्राला जेवायला लावले, झोपायला लावले आणि समजावले की तुझ्या रबचा तुझ्यावर हक आहे, तुझ्या स्वतःच्या जिवाचाही आहे, घरच्यांचाही आहे, तेव्हा ज्याचा जो हक आहे तो त्याला दे. पैगंबर साहेबांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले.

या हकीकतीत मला दोन गोष्टी दिसतात. एक, हक सारखे नसतात. सगळ्यांना समान वाटणी करा असे त्यात नाही, ज्याचा जेवढा आहे तेवढा द्या असे आहे. शाळेच्या तासांवर शाळेचा पूर्ण हक आहे, तिथे शिलाईचा एक टाकाही बसत नाही. दुसरी गोष्ट, स्वतःच्या जिवाचाही हक त्या यादीत आहे. सुट्टीतल्या त्या दोन संध्याकाळी मी क्रोशा घेऊन बसले याचा मला बरेच दिवस अपराध वाटत होता. आता वाटत नाही. दिवसभर शिकवून थकलेल्या डोक्याला एखादा रुमाल विणताना जी शांती मिळते ती हरामाची नाही. चूक क्रोशात नव्हती. चूक त्या आधी झाली होती, खालांना हो म्हटले त्या घडीला.

हे मला सूरह नह्लने दाखवले. या सूरहच्या ९१ व्या आणि ९२ व्या आयतीत दिलेला शब्द पाळण्याचा हुकूम आहे आणि शब्द मोडणाऱ्यासाठी एक उदाहरण आहे. घट्ट पीळ देऊन कातलेले सूत स्वतःच्याच हाताने उसवून त्याचे तुकडे करणाऱ्या बाईचे. मी ही आयत अनेकदा वाचली होती. त्या नोव्हेंबरनंतर वाचली तेव्हा पुढे जाता आले नाही. कातणारी, विणणारी, शिवणारी बाईच जाणू शकेल की कातलेले उसवणे म्हणजे काय. शब्द हेही एक सूत आहे. तो देताना आपण त्याला पीळ देतो, समोरचा माणूस त्यावर आपला भार टाकतो. खालांनी माझ्या शब्दावर भार टाकून दुसरीकडे कुठे विचारले नव्हते.

तौबा करणे त्या मानाने सोपे असते. माणूस आणि अल्लाह यांच्यातले ते असते, रात्रीच्या अंधारात होऊन जाते. पण बंद्याचा हक बंद्याने माफ केल्याशिवाय सुटत नाही, असे आपल्याकडे शिकवतात. मी पंधरा दिवस टाळले. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी खालांकडे गेले आणि म्हटले, "खाला, मी शब्द दिला होता आणि पाळला नाही. शरारा अम्मीने पुरा केला. मला माफ करा." शरारा अम्मीने शिवला हे त्यांना आधीच ठाऊक होते. टाका ओळखणारी बाई होती ती. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "माफ करी मैं. पन नै होता तो पैलेच नै बोलना था ना, बेटा." होणार नव्हते तर आधीच नाही म्हणायचे होते. एवढेच.

या एका वाक्यात माझ्या सगळ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर होते. आपल्या मुलींना आपण लहानपणापासून हो म्हणायला शिकवतो. पाहुणा आला तर हो, नणंदेने सांगितले तर हो, हेडमास्तरांनी सांगितले तर हो. नाही म्हणणे उद्धटपणाचे मानले जाते. पण खोटे हो हे खऱ्या नाहीपेक्षा जास्त दुखावते. नाही ऐकलेल्या माणसाला दुसरा दरवाजा ठोठावायला वेळ मिळतो. माझ्या हो मुळे खालांचा तो वेळ गेला. भल्या वाटण्याची हाव आणि भलेपण यांत अंतर आहे, ते त्या दिवशी कळले.

उत्तराचा दुसरा भाग मला शाळेत सापडला. नववीला वर्तुळाचा परीघ आणि त्रिज्या यांची उजळणी चालू होती. मुली सूत्र पाठ म्हणत होत्या आणि उदाहरणात अडत होत्या. मी फळ्यावर अंब्रेला घेराचा स्कर्ट काढला. कंबर ६६ सेंटिमीटर, कापडाच्या मध्ये कापायच्या वर्तुळाची त्रिज्या किती? मोकळ्या तासाला वह्या मागायला आलेली तीच मुलगी उठली. म्हणाली, "टीचर, साडेदहा." सूत्र न लिहिता. कसे काढले विचारल्यावर ती गप्प झाली, हात पाठीमागे घेतले. मग हळूच सांगितले की घरी कंबरेच्या मापाला सहाने भागतात आणि थोडे कमी करतात. तिची आई शिलाई करते, ही कापून देते. बोटांवर सुईच्या खुणा होत्या आणि त्या तिला लपवायच्या होत्या. मी फळ्यावर मांडून दाखवले की ६६ भागिले दोन पाय म्हणजे १०.५, आणि सहाने भागून थोडे कमी करणे म्हणजे तेच, कारण दोन पाय हे सहाहून थोडे जास्त असते. वर्गातल्या आणखी चार-पाच मुली हसल्या. त्यांच्याही घरी हेच होत असणार.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षणाची एक परिषद भरली होती. गांधीजी अध्यक्ष होते. तिने नेमलेल्या समितीचे प्रमुख होते डॉ. झाकिर हुसेन, पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले. हाताचा उद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावा, त्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकवावे, अशी ती योजना. बी.एड.च्या परीक्षेत मी त्यावर दहा गुणांचे उत्तर लिहिले होते आणि विसरले होते. योजना देशात टिकली नाही, त्याला कारणे अनेक. पण त्या दिवशी वर्गात वाटले की आपण हात आणि डोके यांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवले आहे. डोक्याच्या खोलीत पगार आणि इज्जत आहे, हाताच्या खोलीत अंधार. मी स्वतः एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आले आणि मागचे दार लावून घेतले. त्या मुलीने बोटे लपवली, कारण मीही माझी बोटे लपवत होते. इमाम गझालींचे वडील लोकर कातायचे असे सांगतात. कबीर विणकर होते, आपल्या पंढरीचे नामदेव शिंपी घराण्यातले. हाताने काम करणाऱ्याला विचार करता येत नाही, हे आपल्याकडे कोणी आणि कधी ठरवले?

आता माझी घडी बसली आहे असे मी म्हणणार नाही. काही गोष्टी केल्या. सत्र चालू असताना तारखेची शिलाई घेत नाही. विचारायला येणाऱ्यांना त्याच दिवशी नाही म्हणते आणि गल्लीतल्या दोन बायकांची नावे सांगते, ज्यांना कामाची माझ्याहून जास्त गरज आहे. शाळेच्या पिशवीत सुई जात नाही. भात आणि डाळ लावायचे काम आमच्या ह्यांनी उचलले आहे. पहिल्या महिन्यात भात तीनदा लागला, आता लागत नाही. अम्मीच्या डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाले. ती माझ्या मुलीला बॉबीन भरायला शिकवते आहे. वर्गातल्या त्या मुलीच्या बोटांविषयी मी काही बोलले नाही. मात्र महिन्यातून एकदा मापाची टेप घेऊन वर्गात जाते.

आणि एक काम मी स्वतःसाठी ठेवले आहे. अम्मीने गणवेशांच्या चिंध्या वर्षानुवर्षे एका पोत्यात भरून ठेवल्या होत्या. निळ्या, पांढऱ्या, खाकी, चौकडीच्या. त्यांची मी गोधडी शिवते आहे. जुम्मेरातच्या रात्री मुलगी झोपल्यावर तास-दीड तास. कोणाला कबूल केलेली नाही, तारीख नाही, पैसे नाहीत. अम्मी शेजारी बसून चिंध्या रंगाप्रमाणे लावून देते. परवा तिने विचारले की ही पुरी कधी होणार. मी म्हटले, माहीत नाही. ती म्हणाली, मग ठीक आहे.